रोजचा हिशेब : सभागृहात प्रश्न विचारण्याच्या हक्काची कहाणी

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायची ठरली, तेव्हा आमच्या अभ्यासवर्गाकडे इतिहासाचा एक लेख मागण्यात आला. महाडवर लिहावे की नागपूरच्या धम्मदीक्षेवर, असा विचार चालला होता. पण वर्षावासातल्या एका रविवारी ग्रंथवाचन संपल्यावर एका आजींनी विचारलेली गोष्ट मनातून जात नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, "पाच वर्षांनी मतं मागायला येतात ते कळतं. पण निवडून गेल्यावर आत बसून करतात काय हो? आणि मंत्र्याला तिथं कुणी काही विचारतं का नाही?"

आमच्यात जे शिकलेले म्हणवतात त्यांनाही तेव्हा धड उत्तर देता आले नाही. मग आम्ही बाबासाहेबांच्या भाषणांचे सरकारने छापलेले खंड काढून बसलो. वाचता वाचता लक्षात आले, की आजींच्या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या तीस वर्षांच्या कामात जागोजागी पडलेले आहे. परमपूज्य बाबासाहेब सरकारला जाब विचारणाऱ्या बाकावरही बसले आणि जाब देणाऱ्या बाकावरही बसले. दोन्ही बाकांचा अनुभव घेऊन त्यांनी संविधानात एक व्यवस्था पक्की केली. तीच हकिगत आम्ही येथे आमच्या परीने सांगत आहोत.

जेव्हा विचारायची सोयच नव्हती

प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याकडे फुकट आलेला नाही. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात गव्हर्नरचे कायदे कौन्सिल स्थापन झाले. त्यात काही हिंदी लोक नेमले जात, पण ते सरकारने आणलेल्या कायद्यावर बोलायचे तेवढेच. कारभाराबद्दल प्रश्न विचारायचा नाही, जमाखर्चावर बोलायचे नाही. पैसा रयतेचा आणि हिशेब मात्र साहेबाच्या पेटीत, असा तो मामला होता.

१८९२ च्या कायद्याने थोडी फट पडली. सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले आणि वर्षाच्या अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले. पण आधी लेखी सूचना द्यायची, अध्यक्षाने परवानगी दिली तरच प्रश्न घ्यायचा आणि मिळालेल्या उत्तरावर पुन्हा उलट विचारायचे नाही. अंदाजपत्रकावर बोला, पण मत देऊ नका. १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्न विचारणाऱ्याला पूरक प्रश्नाची मुभा दिली. १९१९ च्या कायद्यानंतर कोणत्याही सभासदाला पूरक प्रश्न विचारता येऊ लागला आणि खर्चाच्या बऱ्याच बाबींवर मतदानही होऊ लागले. तरी पोलीस, महसूल अशी महत्त्वाची खाती 'राखीव' होती. त्यांचा पैसा सभासदांनी नामंजूर केला तरी गव्हर्नर तो आपल्या अधिकारात पुन्हा मंजूर करू शकत असे.

पूरक प्रश्नाला एवढे महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. पहिले उत्तर खात्यातला अधिकारी आठ दिवस बसून लिहून देतो, मंत्री ते वाचून दाखवतो. खरी परीक्षा पुढे. "मग ते पैसे गेले कुठे?" असे समोरच्याने उभे राहून विचारले, की कागद बाजूला राहतो आणि मंत्र्याला खाते माहीत आहे की नाही ते सगळ्यांना दिसते.

बोले ठराव आणि अनुदानाची चावी

महाडच्या सत्याग्रहाची गोष्ट आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण त्या गोष्टीची सुरुवात मुंबई कौन्सिलात झाली, हे पुष्कळांना माहीत नसते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी कौन्सिलात ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांकडून चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. तो मंजूर झाला. सरकारने तसे हुकूमही काढले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला.

आणि पुढे? पुढे काही नाही. कागद कागदाच्या जागी आणि तळे तळ्याच्या जागी राहिले. तेव्हा बोले यांनी १९२६ साली पुन्हा कौन्सिलात विषय काढला. या वेळी त्यांनी नेमकी नस धरली. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हा ठराव पाळणार नाहीत, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. नुसता उपदेश केल्याने जे होत नाही, ते पैशाची चावी फिरवली तर होईल, असा त्यामागचा हिशेब.

अनुदानाच्या धाकानेही तळे मोकळे झाले नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन चवदार तळ्यावर जावे लागले. यातून आम्ही एक बोध घेतला. सभागृहातला ठराव एकटा पुरत नाही आणि रस्त्यावरचा लढाही एकटा पुरत नाही. आत विचारणारा पाहिजे आणि बाहेर उभे राहणारे पाहिजेत.

बाबासाहेब कौन्सिलात

महाडच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात सभासद म्हणून शपथ घेतली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांना आणि डॉ. पी. जी. सोळंकी यांना नेमले होते. सरकारनियुक्त सभासद म्हटला की तो सरकारची री ओढणार, असाच समज असे. तो समज पहिल्याच अधिवेशनात खोटा ठरला.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी बाबासाहेब अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. वय पस्तीस वर्षे. रुपयाच्या प्रश्नावर आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर त्यांचे ग्रंथ तोवर प्रसिद्ध झाले होते. त्यांनी सरळ सरकारच्या उत्पन्नावरच बोट ठेवले. शहरातल्या माणसाची कमाई एका मर्यादेच्या वर गेली तरच त्याला प्राप्तिकर लागतो. शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो, पोट भरो न भरो, सारा भरावाच लागतो. ज्याच्याकडे काही गुंठे जमीन आहे तोही त्याच दराने भरतो आणि मोठा जमीनदारही त्याच दराने भरतो. हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल होता.

पुढे १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई फक्त १४ आणे खर्च होतात आणि दारूच्या अबकारीतून सरकार दरडोई दोन रुपयांच्या वर वसूल करते. निदान अबकारीतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर परत खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणजे शाळेवर केलेला खर्चही वाया जातो, कारण तो अपुरा आहे.

आम्ही हे भाषण अभ्यासवर्गात मोठ्याने वाचले तेव्हा खोलीत शांतता पसरली. त्यात आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. आकडा आहे आणि आकड्याच्या मागे पोर आहे. सरकारने स्वतः छापलेल्या कागदातून सरकारला कसे धरावे, याचा तो वस्तुपाठच आहे.

डॉ. सोळंकींचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, म्हणून येथे मुद्दाम घेतो. १९२८ साली त्यांनी कौन्सिलात ठराव मांडला, की अस्पृश्य व आदिवासी यांच्या शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी. त्यातून स्टार्ट समिती नेमली गेली. बाबासाहेब आणि सोळंकी दोघेही तिचे सभासद होते. समितीचा अहवाल १९३० साली आला आणि त्यानंतर मुंबई इलाख्यात मागासवर्गीयांसाठी वेगळे खाते निघाले. आज आपण ज्याला समाजकल्याण खाते म्हणतो आणि ज्याच्या वसतिगृहांत आपली कितीतरी मुले राहून शिकली, त्याचे मूळ शोधत गेलो तर एका सभासदाने कौन्सिलात मांडलेल्या ठरावापाशी जाऊन पोचतो.

१९३७ च्या निवडणुकीनंतर बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून मुंबई विधानसभेत बसले. आता सत्तेवर हिंदी मंत्री होते, पण त्यांनी आपला सूर बदलला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि इतर जिल्ह्यांतले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. महाडचा बोध येथेही लागू पडतो : विधेयक आत, रयत दाराशी.

बाक बदलला

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता प्रश्न विचारणारे समोर आणि उत्तर द्यायला बाबासाहेब. दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात मजुरी, महागाईभत्ता, खाणी, सरकारी बांधकामे अशा नाना विषयांवर त्यांना प्रश्न विचारले जात. त्या प्रश्नोत्तरांनी त्यांच्या साहित्याच्या एका खंडातली पानेच्या पाने भरली आहेत.

त्यातला एक प्रसंग सांगतो. तो आपल्याला अवघड जाणारा आहे, पण इतिहास लिहायचा तर सोयीचे तेवढेच लिहून चालत नाही. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली बायकांना कामाला लावण्यावर युद्धापूर्वी बंदी आली होती. युद्धात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा १९४३ साली सरकारने ही बंदी उठवली. खाते बाबासाहेबांचे. फेब्रुवारी १९४४ मध्ये या विषयावर विधिमंडळात सरकारला धारेवर धरण्यात आले. बाबासाहेबांनी विषय टाळला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादच्या बाजूला कोळसा खाणीत उतरून पाहून आले होते. युद्धकाळातली ही तात्पुरती निकड आहे, कोळसा थांबला तर सगळेच थांबेल, आणि खाणीत बाईलाही पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हे तत्त्व आम्ही लागू केले आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. समोरच्या सभासदांचे सगळ्यांचेच समाधान झाले असे नाही. १९४६ साली ती बंदी पुन्हा लागू झाली.

आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते हे. बाबासाहेबांनाही कोणी विचारले आणि त्यांनी उभे राहून उत्तर दिले. मंत्री कितीही मोठा असो, कितीही विद्वान असो, तो विचारण्याच्या पलीकडे नाही. आपल्या माणसाला प्रश्न विचारला की लगेच राग येणाऱ्या आजच्या आपल्या पुढाऱ्यांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी हा प्रसंग वाचावा.

याच काळातली एक गोष्ट आपल्या घराघराशी जोडलेली आहे. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला एक निवेदन दिले. इतर समाजांच्या उच्च शिक्षणासाठी सरकार विद्यापीठांना लाखांनी अनुदान देते, मग अस्पृश्यांच्या मुलांसाठी का नाही, असा हिशेब त्यांनी त्यात मांडला होता. आपली मुले ज्याला 'भारत सरकार शिष्यवृत्ती' म्हणतात त्या मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ सालची आहे.

संविधानात घातलेली तजवीज

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी एक महत्त्वाचा मुद्दा समजावून सांगितला. राज्यकारभाराला दोन गोष्टी लागतात. एक स्थैर्य, दुसरी जबाबदारी. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, कारण तिथला अध्यक्ष ठरलेली मुदत पुरी करतो. इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी जास्त. तिथे सरकारची झडती दोन वेळा होते. मुदत संपली की मतदार घेतात ती एक. आणि सभागृहाचे सभासद प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वासाचा ठराव यांच्या द्वारे रोज घेतात ती दुसरी. भारतासारख्या देशात पाच वर्षांच्या झडतीपेक्षा ही रोजची झडती जास्त परिणामकारक आणि जास्त गरजेची आहे, म्हणून मसुदा समितीने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक मान दिला, असे त्यांनी सांगितले.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच. आपण मत देतो तो पाच वर्षांचा हिशेब. आपला प्रतिनिधी सभागृहात विचारतो तो रोजचा हिशेब. दुकानदाराची वही पाच वर्षांनी एकदाच तपासायची म्हटली तर दुकानाचे काय होईल, ते सांगायला नको.

याच विचाराने संविधानात पैशाची दारे बांधली गेली. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही, हे अनुच्छेद २६५. सरकारचा सगळा महसूल संचित निधीत जमा होतो आणि सभागृहाने मंजुरी दिल्याशिवाय त्यातून खर्च करता येत नाही. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार, राज्यात विधानसभेला जबाबदार. आणि खर्च झाल्यावर तो तपासायला नियंत्रक व महालेखापरीक्षक. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या अधिकाऱ्याला संविधानातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. सभागृहाने मंजूर केलेला पैसा मंजूर केलेल्याच कामाला लागला की नाही, हे पाहणे त्याच्याकडे आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी हेही सांगितले, की भारताला संसदीय कामकाज नवे नाही. प्राचीन भिक्खू संघात प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम पाळले जात. त्याला जोडून आम्ही एकच गोष्ट सांगतो. वर्षावास संपताना संघात पवारणा होते. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू, अगदी सर्वांत ज्येष्ठसुद्धा, माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा, अशी संघाला विनंती करतो. स्वतः भगवान बुद्धांनीही संघापुढे असे विचारल्याचे सुत्तात आहे. विचारून घेणे हा मोठेपणा आहे, अपमान नाही, ही आपली परंपरा आहे.

मंत्रिपद सोडल्यावरही बाबासाहेबांनी हिशेब सोडला नाही. १९५१ साली राजीनामा देताना जे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले, त्यात ३५० कोटींच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, मग उपाशी माणसाला देण्यासाठी काय उरते, असा सवाल आहे. पुढे १९५६ पर्यंत ते राज्यसभेत होते. त्यांच्यानंतर दादासाहेब गायकवाड, बॅ. बी. सी. कांबळे यांच्यासारख्यांनी लोकसभेत भूमिहीनांचे आणि बौद्धांच्या सवलतींचे प्रश्न लावून धरले. धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! तोवर हा प्रश्न जिवंत ठेवणारे आत आणि बाहेर दोन्हीकडे होते, म्हणूनच तो सुटला.

एक प्रश्न कसा चालतो

आता थोडे कामकाजाविषयी. लोकसभेत आणि आपल्या विधानसभेत साधारणपणे पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. ज्या प्रश्नापुढे तारा छापलेला असतो तो तारांकित प्रश्न. त्याचे उत्तर मंत्री तोंडी देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर फक्त लेखी मिळते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात. तातडीच्या विषयासाठी आपल्याकडे लक्षवेधी सूचना आहे. मंत्र्याने सभागृहात "करतो" म्हटले आणि केले नाही, तर पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे.

पैशाच्या वेळी कपात सूचना असते. लोकसभेत एखाद्या खात्याचे धोरणच मान्य नसेल तर त्याची मागणी कमी करून १ रुपया करावी, अशी सूचना देता येते. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कमी करा म्हणायचे. शंभर रुपयांनी सरकारचे काही बिघडत नाही, पण त्या निमित्ताने मंत्र्याला त्या तक्रारीवर बोलावे लागते. खर्च होऊन गेल्यावर महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारते. १९६७ पासून लोकसभेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे.

एका प्रश्नाने काय होऊ शकते, याचे जुने उदाहरण १९५७ चे आहे. सरकारी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे शेअर घेतले होते. विम्याचे हप्ते भरणाऱ्या साध्या माणसांचा पैसा. सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारणा झाली, तेव्हा सरळ उत्तर मिळाले नाही. डिसेंबरमध्ये सत्ताधारी पक्षाचेच सभासद आणि पंतप्रधानांचे जावई असलेले फिरोज गांधी पुरावे घेऊन उभे राहिले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची चौकशी समिती बसली. मुंबईत तिचे काम उघडपणे चालले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. विचारणारा विरोधी पक्षाचाच असावा लागतो असे नाही, हेही यातून दिसते.

आपल्या वाट्याचा पैसा

आता आपल्या दाराशी येऊ. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेचा पैसा वेगळा काढावा, या तत्त्वावर १९७९-८० पासून विशेष घटक योजना सुरू झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. हा पैसा दुसरीकडे वळवू नये, असे मार्गदर्शक तत्त्व होते. पण तत्त्व पुस्तकात आणि पैसा भलतीकडे, असे घडत गेले. दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या तयारीत दलितांसाठीच्या घटक योजनेचे शेकडो कोटी रुपये वळवले गेल्याचे माहितीच्या अधिकारातून उघड झाले. सभासदांनी राज्यसभेत विषय उचलला आणि ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांना पैसा वळवल्याचे मान्य करावे लागले. कोणी विचारलेच नसते तर?

आमच्या वस्तीतही शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही म्हणून फीसाठी कानातले मोडणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. खिडकीवर विचारले तर "वरून आले नाही" एवढेच उत्तर मिळते. हे 'वर' म्हणजे कुठे? तरतूद किती होती, सोडली किती, खर्च झाली किती आणि परत किती गेली, हे मंत्र्याला सभागृहात विचारता येते. विचारणारा मात्र हवा.

आणि विचारण्याची ही जागा आता आकसत चालली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गोंधळात, चर्चेविना, देशाचा वर्षाचा खर्च मंजूर झाला. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात करोनाच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला गेला. सभागृहात कागद भिरकावून सभात्याग केला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो, पण त्या दिवशी मंत्री मात्र सुटतो. बाबासाहेबांनी १९२७ साली १४ आण्यांचा हिशेब मांडला तेव्हा फोटो काढायला कोणी नव्हते.

मग आपण काय करायचे? २००५ च्या मूळ माहिती अधिकार कायद्यात एक मोलाचे वाक्य होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे आमदाराला जे विचारता येते, ते माहितीपुरते आपल्यालाही विचारता यावे, असे ते वाक्य सांगत होते. आमच्या अभ्यासवर्गाने ठरवले आहे, की आपल्या भागाच्या आमदारांनी आणि खासदारांनी वर्षभरात कोणते प्रश्न विचारले आणि काय उत्तरे मिळाली, ती छापील उत्तरे मिळवून विहाराच्या ग्रंथालयात लावायची. मते मागायला कोणीही येवो, कोणत्याही पक्षाचा येवो, त्याला चहा द्यावा, बसायला खुर्ची द्यावी आणि विचारावे, "दादा, तुम्ही आमच्यासाठी आत काय विचारलंत?"

आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला वर्ष लागले. मंत्र्याला विचारता येते. बाबासाहेबांनी तशी सोय करून ठेवली आहे. आता विचारणाऱ्याला विचारायचे काम आपले.

जय भीम!